नाव, रूप आणि नाते

पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या वाटेवर, मुठा नदीला बांध घालून अडविलेला खडकवासल्याचा विस्तीर्ण जलाशय आहे. त्याच्या एका काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा वृक्षराजीने नटलेला परिसर आहे. दक्षिणेला सिंहगडाची डोंगररांग उभी आहे. दिवसा ह्या जलाशयाच्या काठी माणसांची वर्दळ असते. सहलीला आलेली मुले पाण्याकडे धावतात, कणसे भाजणाऱ्यांच्या शेगड्यांतून धूर निघतो, वाहनांची रीघ लागते. परंतु सूर्य डोंगराआड गेला, काठ निर्मनुष्य झाला, की तेथे दुसऱ्याच रहिवाशांचा दिवस उगवतो. वटवाघळे उंबराच्या झाडावर उतरतात, घुबड साद घालते आणि गवतातून लहानमोठी पावले हलके हलके चालू लागतात.

अशाच एखाद्या रात्री काठच्या गावातील एखाद्या कौलारू घरावर खडखड होते. घरातील माणसे दिवा घेऊन अंगणात येतात. दिव्याच्या उजेडात आढ्यावर दोन डोळे चमकतात. प्राणी मांजराहून थोडा मोठा, करड्या काळसर रंगाचा. अंगाएवढी लांब शेपूट. तोंडावर काळा मुखवटा बांधावा तशी खूण. कोणी म्हणते, “बिबट्याचे पिल्लू!” कोणी म्हणते, “रानमांजर!” एखादे वृद्ध माणूस भीत भीत म्हणते, “मसण्या ऊद आहे तो. मढी उकरून खातो.” आणि ज्याने पुस्तकात परदेशी प्राण्यांची चित्रे पाहिलेली असतात, असा एखादा मुलगा मोठ्या उत्साहाने सांगतो, “हा तर रॅकून!” तेवढ्यात कोणीतरी काठी उचललेली असते.

ह्या चार उत्तरांपैकी एकही खरे नाही. परंतु काठी उचलली गेली ती ह्या खोट्या उत्तरांमुळेच. म्हणून त्या प्राण्याची खरी ओळख करून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी प्रथम त्या मुलाच्या उत्तराचा विचार करू. कारण ते चुकीचे असले तरी अगदीच निराधार नाही.

रॅकून हा मूळचा अमेरिका खंडाचा रहिवासी. कॅनडापासून मध्य अमेरिकेपर्यंत तो सर्वत्र आढळतो. नदीनाल्यांच्या काठची झाडी त्याला विशेष प्रिय. त्याच्या डोळ्यांभोवती काळा पट्टा असतो, शेपटीवर एकाआड एक काळी व फिकट वलये असतात. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पुढच्या पंजांत आहे. त्या पंजांना लांब, सुटी अशी पाच बोटे असतात. रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यात उभा राहून तो बोटांनी तळाचे दगडगोटे चाचपीत राहतो आणि खेकडा किंवा शिंपला हाती लागताच तो नेमका ओळखून बाहेर काढतो. हे करताना त्याची नजर पुष्कळदा दुसरीकडेच असते! स्पर्शज्ञानासाठी असलेल्या त्याच्या मेंदूच्या भागाचा फार मोठा हिस्सा ह्या पंजांच्या वाट्याला आलेला आहे. ‘रॅकून’ हा शब्दही अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला असून, हातांनी चोळणारा किंवा खरवडणारा असा त्याचा अर्थ सांगतात.

युरोपातील लोकांनी मात्र त्याला आपल्या समजुतीप्रमाणे नाव दिले. पिंजऱ्यात ठेवलेला रॅकून अन्न पाण्यात बुडवून मग खातो, हे त्यांनी पाहिले. म्हणून जर्मन लोक त्याला ‘धुणारे अस्वल’ म्हणू लागले. अठराव्या शतकात लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने तर त्याची गणना अस्वलांतच केली. वस्तुतः रॅकून अस्वलही नव्हे आणि धुणाराही नव्हे. रानात तो पाण्यातून भक्ष्य शोधतो. पिंजऱ्यात पाण्यातील शिकार नसते, म्हणून तो हाती आलेले अन्न पाण्यात घालून तीच क्रिया करीत असावा, असे पुढील अभ्यासकांना वाटले. स्वच्छतेशी तिचा काही संबंध नाही.

रॅकूनच्या कुळात आणखीही काही प्राणी आहेत. पण त्यांची नावे फारशी कोणाच्या कानांवर आलेली नसतात. लांब नाकाचा कोआटी दिवसा टोळीने हिंडतो व जमीन उकरून किडे खातो. किंकाजू झाडावरच राहतो. शेपटीने फांदीला विळखा घालून लोंबकळतो आणि फळे व फुलांतील मध खाऊन उपजीविका करतो. वलयांकित शेपटीचा एक चिमुकला प्राणी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात राहतो. पूर्वी खाणीत काम करणारे मजूर उंदरांच्या बंदोबस्तासाठी त्याला आपल्या झोपडीत ठेवीत. म्हणून त्याला ‘खाणवाल्यांचे मांजर’ असे नाव पडले. तोही मांजर नव्हेच.

ह्याच कुळातील ओलिंग्विटो नावाच्या प्राण्याची हकिकत फार बोधप्रद आहे. कोलंबिया व एक्वादोर ह्या देशांतील ढगांनी वेढलेल्या पर्वतांवरील अरण्यांत तो राहतो. त्याची कातडी व कवट्या संग्रहालयांच्या कपाटांत अनेक वर्षे पडून होत्या. परंतु त्यांवर त्याच्या एका नातलगाच्या, म्हणजे ओलिंगोच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. एवढेच नव्हे, तर ह्या जातीची एक जिवंत मादी काही वर्षे अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत होती. तिला ओलिंगो समजून ओलिंगोंच्या सोबत ठेवीत आणि तिला पिल्ले का होत नाहीत, ह्याचे सर्वांना नवल वाटे! शेवटी २०१३ साली क्रिस्टोफर हेल्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कवट्या, दात व रक्तामांसातील आनुवंशिक खुणा तपासून ही जात निराळी असल्याचे जाहीर केले. प्राणी डोळ्यांसमोर होता. चूक केवळ चिठ्ठीवरच्या नावात होती.

आता खडकवासल्याच्या कौलांवरील प्राण्याकडे वळू. त्याचे नाव उदमांजर. काही ठिकाणी त्याला कांडेचोर असेही म्हणतात. त्याच्या तोंडावर काळा मुखवटा आहे. त्याचा एक भाऊबंद, जमिनीवर वावरणारे जवादी मांजर, ह्याच्या शेपटीवर वलये आहेत. म्हणजे एकाने रॅकूनचा मुखवटा घेतला आणि दुसऱ्याने शेपूट! शिवाय उदमांजर रॅकूनप्रमाणेच निशाचर आहे, झाडावर सराईतपणे चढते, फळांपासून उंदरांपर्यंत मिळेल ते खाते आणि माणसाच्या घराच्या माळ्यावर निःशंकपणे बिऱ्हाड करते. इतके साम्य असताना ही दोघे एका कुळातील का नव्हेत?

ह्याचे उत्तर अंगावरील रंगांत नाही, ते हाडांत आहे. मांसभक्षक गणातील प्राण्यांच्या कवटीत, कानाच्या खाली, बुडबुड्यासारखी एक पोकळ हाडाची कुपी असते. १८६९ साली विल्यम हेन्री फ्लॉवर ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने कवटीच्या तळाकडील अशा भागांचा बारकाईने अभ्यास करून ह्या प्राण्यांची नाती लावण्याचा प्रयत्न केला. सामान्यतः मांजराच्या बाजूच्या प्राण्यांत ह्या कुपीचे पडद्याने दोन कप्पे झालेले असतात. कुत्र्याच्या बाजूच्या प्राण्यांत तसे पूर्ण कप्पे आढळत नाहीत. पुढे आनुवंशिक खुणांच्या अभ्यासानेही ह्या दोन शाखा पक्क्या ठरल्या. पहिल्या शाखेत मांजर, वाघ, मुंगूस आणि उदमांजर येतात. दुसऱ्या शाखेत कुत्रा, लांडगा, अस्वल आणि रॅकून येतात. गंमत अशी, की पुणे जिल्ह्याच्या माळरानांवर फिरणारे तरस दिसावयास कुत्र्यासारखे असले, तरी ते मांजराच्या शाखेतील आहे!

मग उदमांजर आणि रॅकून ह्यांच्यांत एवढे साम्य आले कोठून? सुताराचा वाकस व लाकूडतोड्याची कुऱ्हाड ही एकाच लोहाराने घडविलेली असतात असे नाही. परंतु दोहोंना लाकूडच तोडावयाचे असल्यामुळे दोहोंना पाते व दांडा असतो. त्याचप्रमाणे, रात्री हिंडणे, झाडावर चढणे आणि मिळेल त्यावर निर्वाह करणे हे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्या शरीरांची घडण निरनिराळ्या खंडांत राहूनही काहीशी सारखी झाली. रूप हे पुष्कळदा कामामुळे येते. नाते वंशामुळे येते.

रॅकूनचा सगा आपल्या प्रदेशात मुळीच नाही, असे मात्र नाही. तो आहे, पण त्याच्या तोंडावर मुखवटा नाही, शेपटीवर वलये नाहीत आणि तो झाडावर चढून बसत नाही. तो म्हणजे पाणमांजर! रॅकून, पाणमांजर, मुंगसासारखे दिसणारे थंड प्रदेशांतील वीझल आणि चांदी अस्वल नावाने ओळखला जाणारा रॅटेल ही सारी एकाच महाकुळाची पाती आहेत. काही कोटी वर्षांपूर्वी त्यांचा पूर्वज एक होता. एक शाखा अमेरिकेत रॅकून झाली. दुसरी पाण्यात उतरून पाणमांजर झाली.

सिंधुदुर्गातील खाड्यांच्या काठी किंवा गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटाभोवती ह्या पाणमांजरांची कुटुंबे आढळतात. त्यांच्या पायांच्या बोटांमध्ये पडदे असतात, शेपूट सुकाणूसारखी चपटी असते आणि दाट केसांतून पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. मासा पकडण्यासाठी सारे कुटुंब मिळून पाण्यात सूर मारते. खडकावर किंवा वाळूवर पडलेली विष्ठा, त्यांतील माशांचे खवले व काटे हीच त्यांच्या वस्तीची खूण. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील डोंगरी ओढ्यांत पाणमांजराची एक लहान जात राहते. ती दगडांखालच्या फटींत व चिखलात बोटे घालून खेकडे चाचपून काढते. दूरच्या अमेरिकेत ओढ्यात उभा राहून तळ चाचपणाऱ्या रॅकूनची आठवण तिला पाहून कोणास होणार नाही?

रूप पाहून नाते लावण्याची चूक सामान्य माणसेच करतात, असे नव्हे. सिक्कीम, अरुणाचल प्रदेश आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत तांबूस रंगाचा, वलयांकित शेपटीचा लाल पांडा राहतो. सिक्कीमचा तो राज्यप्राणी आहे. १८२५ साली फ्रेदेरिक क्यूव्हिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले. त्यानंतर कित्येक वर्षे विद्वानांनी त्याला कधी रॅकूनच्या कुळात, तर कधी अस्वलांच्या कुळात बसविले. आज तो स्वतःच्या स्वतंत्र कुळाचा एकमेव जिवंत वंशज मानला जातो. रॅकून त्याचा दूरचा आप्त आहे, सख्खा नव्हे. ह्या प्राण्याची संख्या घटत चालल्यामुळे दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालय प्राणी उद्यानात त्याची वीण वाढविण्याचे काम चालते.

नावांच्या ह्या गोंधळाने शास्त्रज्ञांचे फारसे बिघडत नाही. ते चिठ्ठी बदलतात. परंतु प्राण्यांचे मात्र प्राणांवर बेतते. ‘मसण्या ऊद’ ह्या नावामुळे लोकांच्या मनात उदमांजराविषयी किळस व भीती बसली. प्रत्यक्षात ते प्रेते उकरीत हिंडणारे जनावर नव्हे. वड, उंबर, जांभूळ, भेर्ली माड ह्यांची फळे हा त्याचा आवडता आहार. फळांबरोबर पोटात गेलेल्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात व रुजतात. माणूस खड्डे खणून झाडे लावतो. हा प्राणी ते काम कोणी न सांगता, रात्रीच्या अंधारात करीत असतो. त्याशिवाय घरातील उंदीर तो मारतो, हा लाभ निराळाच. जवादी मांजराच्या अंगी असलेल्या सुगंधी द्रव्याचा मोह माणसाला पडला आणि त्यापायी त्या प्राण्याने बंदिवास सोसला. पाणमांजराच्या मऊ कातड्याने तर त्याचा घातच केला. कातड्याच्या व्यापारासाठी त्याची शिकार झाली. वाळूचा उपसा व दूषित पाणी ह्यांनी उरलेल्यांचे घर हिरावले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या प्राण्यांना संरक्षण दिलेले आहे. मऊ कातड्याच्या पाणमांजराचा आंतरराष्ट्रीय व्यापार रोखण्यासाठी २०१९ साली जगातील देशांनी अधिक कडक निर्बंधही घातले.

ह्याउलट, रॅकूनच्या गोजिऱ्या रूपाला भुलून माणसाने केलेली चूकही जाणण्यासारखी आहे. जर्मनीत एडर नदीवर धरण बांधून केलेला, खडकवासल्यासारखाच एक मानवनिर्मित जलाशय आहे. १९३४ साली त्याच्या काठच्या रानात रॅकूनच्या दोन जोड्या सोडण्यात आल्या. रानात एका नव्या प्राण्याची भर पडावी, एवढाच सोडणाऱ्यांचा हेतू होता. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांत बर्लिनजवळच्या एका पैदास केंद्रातूनही काही रॅकून निसटले. आज त्या देशात रॅकूनांची संख्या लक्षावधी झाली आहे. ते घरांच्या माळ्यांवर शिरतात आणि पक्ष्यांची अंडी, बेडूक, कासवे फस्त करतात. तेथील पक्ष्यांना व बेडकांना हा शत्रू नवा होता. २०१६ साली युरोपीय संघाने रॅकूनची गणना उपद्रवी परकीय प्राण्यांत केली.

जपानमध्ये १९७७ साली रॅकूनच्या पिल्लाची कथा सांगणारी एक चित्रमालिका दूरदर्शन संचावर दाखविण्यात आली. ती पाहून असंख्य घरांत रॅकूनची पिल्ले पाळण्यासाठी आणली गेली. पिल्ले मोठी झाली, चावू लागली, तेव्हा त्यांना रानात सोडून देण्यात आले. त्यांच्या वंशजांनी शेतांचे व जुन्या देवळांचेही नुकसान केले. दोष रॅकूनचा नव्हता. आपल्या घरी, अमेरिकेच्या ओढ्याकाठी, तो त्या रानाचा एक उपयुक्त घटक आहे. ज्याचे जेथे घर, तेथेच त्याचे काम शोभते.

म्हणून खडकवासल्याच्या काठी रॅकून नाही, ह्याची खंत वाटण्याचे कारण नाही. तेथे उदमांजर आहे, आणि त्या रानाला जे काम हवे आहे ते करण्यास ते समर्थ आहे.

आता पुन्हा त्या अंगणात जाऊ. दिवा अजून तेवत आहे, काठी अजून उगारलेली आहे. परंतु ह्या वेळी गर्दीतील तो मुलगा म्हणतो, “थांबा, हे बिबट्याचे पिल्लू नाही. रॅकूनही नाही. हे उदमांजर आहे. उंबर पिकले आहेत, ते खावयास निघाले असेल.” माणसे चार पावले मागे सरतात. माळ्यावर पिल्ले असतील तर ती मोठी होईपर्यंत तो कोपरा तसाच राहू द्यावा, कोणी हात लावू नये, अडचण वाटलीच तर वनखात्याला कळवावे, असे ठरते. काठी भिंतीला टेकली जाते.

कौलांवरचा प्राणी क्षणभर खाली पाहतो. मग आढ्यावरून निघून, पलीकडच्या फांदीवर उडी घेऊन, तो जलाशयाच्या काठच्या झाडीत दिसेनासा होतो. सकाळी त्या वाटेवर उंबराच्या बियांचा एक लहानसा पुंजका पडलेला आढळतो. पावसाळा आला, की त्यांतील एखादी बी रुजेल.

स्वाध्याय

१. कौलांवरील प्राण्याविषयी लोकांनी कोणकोणते तर्क केले? ते का चुकले?
२. ‘धुणारे अस्वल’ हे रॅकूनचे नाव दोन्ही अर्थांनी चुकीचे आहे, असे पाठात का म्हटले आहे?
३. वाकस व कुऱ्हाड ह्यांचे उदाहरण कोणती गोष्ट समजावून देण्यासाठी दिले आहे?
४. कारणे द्या : (अ) तरस कुत्र्यासारखे दिसत असूनही मांजराच्या शाखेत गणले जाते. (आ) ओलिंग्विटो संग्रहालयात असूनही अनेक वर्षे अज्ञात राहिला.
५. तुमच्या गावात एखाद्या प्राण्याविषयी किंवा पक्ष्याविषयी भीती बाळगली जात असेल, तर त्याचे निरीक्षण व माहिती ह्यांच्या आधारे दहा ओळी लिहा.